नदीकाठ कोणाचा?

सार्वजनिक विहाराची जागा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम मुंबईची चौपाटी उभी राहते. वाळू, लाटा, भेळेच्या गाड्या, वाळूत किल्ले करणारी मुले आणि सूर्यास्ताकडे तोंड करून बसलेली वडीलधारी मंडळी, असे ते चित्र असते. मग साहजिकच असा प्रश्न येतो की, जळगाव-धुळ्याच्या रहिवाशांनी या विषयात डोके कशाला घालावे? आमच्यापासून समुद्र सुमारे तीनशे किलोमीटर दूर. मधे सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या रांगा. ज्याला समुद्र पाहायचा त्याने सुरतेची गाडी धरावी आणि डुमसला जावे, म्हणजे झाले!

शंका वरवर बिनतोड दिसते. पण ती एका गैरसमजावर उभी आहे. चौपाटीचे महत्त्व खाऱ्या पाण्यात नाही. पाण्याच्या कडेची मोकळी जागा, जिला भिंत नाही, दार नाही, तिकीट नाही आणि जिथे कोणी कोणाला 'तू इथे कसा?' असे विचारू शकत नाही, ती जागा म्हणजे चौपाटी. अशी जागा समुद्राकाठी असू शकते, तशीच नदीकाठी आणि तळ्याकाठीही असू शकते. तापी, पूर्णा, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर या नद्या ज्या मुलखातून वाहतात, त्या मुलखाला काठ नाही असे कोण म्हणेल? खरा प्रश्न काठ आहे की नाही हा नसून, तो काठ कोणाचा, हा आहे. त्याचाच विचार आम्ही येथे करणार आहो.

किनाऱ्यावर सर्वांचा हक्क कसा आला?

ही कल्पना फार जुनी आहे. इ. स. ५३३ साली रोमन सम्राट जस्टिनियनने कायद्याचा जो पाठ्यग्रंथ सिद्ध करविला, त्यात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या गोष्टी निसर्गतःच सर्वांच्या समाईक आहेत, असे तत्त्व सांगितले आहे. त्यातले वाहते पाणी हे शब्द आपण नीट लक्षात ठेवावेत. त्या जुन्या धर्मशास्त्र्यांनी समुद्राबरोबर वाहत्या पाण्यालाही समाईक मानले.

पुढे तेराशे वर्षांनी या तत्त्वाला अमेरिकेतील शिकागो शहरी मोठी कसोटी लागली. शिकागोला समुद्र नाही. मिशिगन नावाच्या विशाल सरोवराच्या काठी ते वसले आहे. १८६९ साली तेथील विधिमंडळाने सरोवराच्या तळाची एक हजार एकरांहून अधिक जागा एका रेल्वे कंपनीला देऊन टाकली. चार वर्षांनी सरकारला उपरती झाली व ते दान परत घेण्यात आले. प्रकरण न्यायालयात गेले. १८९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, अशा पाण्याखालची जमीन सरकारजवळ असते ती जनतेची विश्वस्त म्हणून; विश्वस्ताला ठेव विकण्याचा अधिकार नसतो. याच शहरात माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या एका व्यापाऱ्याने १८९० पासून जवळजवळ वीस वर्षे खटले लढवून सरोवराकाठचे मैदान इमारतींपासून वाचविले. त्याच्या हाती आधार होता तो १८३६ च्या एका जुन्या नकाशाचा. ही जागा सार्वजनिक असून ती सदैव मोकळी राहावी, अशा अर्थाची नोंद त्या नकाशावर होती. एका नकाशावरच्या एका ओळीने एका महानगराचा पाण्याचा काठ राखला!

हेच तत्त्व आपल्या देशात १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत स्वीकारले. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठी एका विश्रामगृहाच्या मालकांनी नदीचा प्रवाह वळविण्याचे काम केले होते. ते प्रकरण न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायमूर्तींनी जस्टिनियनचा आणि शिकागोच्या निकालाचा आधार घेऊन सांगितले की, नद्या, वने, किनारे हे सरकारकडे जनतेचे विश्वस्त म्हणून आहेत. आपल्या राज्यापुरते बोलायचे तर, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २० अन्वये नद्या, ओढे, नाले, तलाव यांचे तळ, जे कोणा खाजगी व्यक्तीच्या मालकीचे नाहीत ते, राज्य शासनाची मालमत्ता ठरतात. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे अर्थ उघड होतो. नदीचे पात्र शासनाचे. आणि शासन त्याचे मालक नव्हे, विश्वस्त.

समुद्रकिनाऱ्याच्या बाबतीत या विचाराला प्रत्यक्ष नियमांचे रूपही मिळाले. १९८१ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनाऱ्यावरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरांपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवण्याविषयी बजावले. त्यातूनच १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारपट्टी नियमनाची अधिसूचना निघाली. तिची जागा पुढे २०११ व २०१९ च्या अधिसूचनांनी घेतली. काही ठिकाणी बंधने सैल झाली. परंतु किनाऱ्यावर हवे ते बांधता येणार नाही, हे सूत्र कायम राहिले. भरतीचे पाणी ज्या खाड्यांतून व नदीमुखांतून आत शिरते, तेथपर्यंत हा नियम पोहोचतो.

आता येथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावून ७२४ किलोमीटरांचा प्रवास करणारी तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या मुखापाशी भरतीचे पाणी येते, म्हणून तेथे तिच्या काठाला किनाऱ्याच्या कायद्याचे कवच आहे. तीच तापी खानदेशातून वाहते तेव्हा हे कवच तिला नाही. नदी एकच, पाणी तेच. पण खाली तिचा काठ किनारा ठरतो आणि वर तो केवळ सरकारी पडीक जागा समजला जातो.

आमची चौपाटी म्हणजे वाळवंट

वस्तुतः खानदेशाला नदीकाठच्या सार्वजनिक जीवनाची ओळख कोणी नव्याने करून द्यावी अशी स्थिती नाही. मराठीत 'वाळवंट' या शब्दाचा जुना अर्थच नदीतली वाळूची मोकळी जागा असा आहे. पंढरपूरचे वाळवंट सर्वांना ठाऊक आहे. तसेच वाळवंट अमळनेरास बोरी नदीत आहे. तेथे पात्रातच संत सखाराम महाराजांची समाधी असून वैशाखात त्यांची यात्रा भरते. एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी निघते. ऐन उन्हाळ्यात, नदी आटलेली असताना, हजारो माणसे पात्रातल्या वाळूत उतरतात. पाळणे, दुकाने, खेळणी, कीर्तने सारे काही त्या वाळूवर मांडले जाते. याला चौपाटी म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? धुळ्यात पांझरेच्या काठी एकवीरा देवीच्या मंदिरापाशी चैत्रात यात्रा भरते. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे प्राचीन मंदिर आहे; प्रकाशे येथे तापीच्या काठी तीर्थ आहे. आमच्या पूर्वजांनी देवळे नदीकाठी बांधली, त्यात भक्ती होती हे खरेच. पण देवळाच्या निमित्ताने काठ सर्वांसाठी मोकळा राहिला, हेही तितकेच खरे.

बायकांच्या वाट्याला या काठाचे महत्त्व अधिक होते. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येत, झाडांना झोके बांधत, गौराई नदीवर नेत. श्रावणात कानबाईचे विसर्जन नदीवर होई. रोजचे धुणे नदीवर, आणि धुण्याबरोबर सुखदुःखाच्या गोष्टीही. घरोघर नळ आले हे फार चांगले झाले. त्यामुळे बाईच्या पाठीवरचे ओझे उतरले. पण घराबाहेर, पुरुषांच्या नजरेपासून दूर, चार मैत्रिणींत तास-दीड तास बसण्याची तिची हक्काची जागाही त्या ओझ्याबरोबर गेली, आणि तिच्या बदल्यात शहराने तिला दुसरी जागा दिली नाही. सार्वजनिक उद्यानांची आखणी करताना या नुकसानीचा हिशेब कोणी मांडल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

पाणी सर्वांचे, या विचाराला आमच्याकडे व्यवहाराचीही जोड होती. पांझरा आणि तिच्या उपनद्यांवरील फड पद्धत ही काही शतकांची आहे. नदीत बंधारा घालून पाट काढायचा, भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे, आणि पाटकऱ्याने ठरलेल्या क्रमाने सर्वांच्या शेतांना पाणी द्यायचे. लहान शेतकरी आणि मोठा शेतकरी यांना पाण्याचा नियम एकच. बंधारा कोणा एकाचा नसे. त्याची डागडुजी सर्वांनी करायची. ज्या पांझरेच्या पाण्याची अशी समाईक व्यवस्था लोकांनी स्वतः लावली, तिच्या काठाची समाईक व्यवस्था लावणे त्याच लोकांना अशक्य का व्हावे?

उन्हाळा आणि पाण्याचा काठ

कोणी म्हणेल की यात्रा-जत्रा ठीक आहेत. पण रोजच्या विहारासाठी नदीकाठ ही चैन आहे. खानदेशच्या बाबतीत ती चैन नसून आरोग्याची गरज आहे. याचे कारण आमच्या हवेत आहे.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मुंबईला असा पारा चढत नाही, कारण दुपारी समुद्रावरून वारा वाहू लागतो. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश तापतो. जमिनीवरची हवा वर गेली की तिची जागा घेण्यास समुद्रावरची गार हवा धावते. हा वारा किनाऱ्यापासून काही अंतरापर्यंतच पोहोचतो. सह्याद्री ओलांडून तो जळगावास येत नाही. परंतु निसर्गाने आम्हांला एक दुसरे साधन दिले आहे, ते म्हणजे हवेचा कोरडेपणा. आपल्या घरातल्या माठाचे पाणी गार कशाने होते? माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाफ होऊन उडून जाते, आणि जाताना माठातली उष्णता बरोबर घेऊन जाते. एक लिटर पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटींहून अधिक उष्णता तेवढ्याच पाण्याची वाफ होण्यास लागते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ लवकर होते. म्हणूनच वाळ्याचे ओले पडदे जळगावात घर गार करतात आणि मुंबईच्या दमट हवेत केवळ ओल आणतात.

जो न्याय माठाला, तोच तळ्याला, ओल्या वाळूला आणि झाडाच्या पानाला. झाडही पानांवाटे पाण्याची वाफ सोडीत असते व त्याची सावली जमिनीला तापू देत नाही. यास्तव पाणी आणि सावली एकत्र असतील अशी जागा कोरड्या उष्ण मुलखात विशेष गुणकारी ठरते. उलट सिमेंट आणि दगड दिवसभर उष्णता शोषून घेतात आणि रात्री ती परत देतात. नदीकाठ 'सुशोभित' करावयाचा म्हणून तो सिमेंटने मढविला आणि झाडे तोडली, तर आपण माठ फोडून त्याच्या जागी तवा ठेवल्यासारखे होईल. ज्याच्या घरी गार हवेचे यंत्र आहे त्याला हे जाणवणार नाही. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबाला सायंकाळी घरातून उठून कोठे जावे, हा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शहराने द्यावयाचे आहे.

नदीने स्वतः आखलेली सीमा

काठ मोकळा ठेवण्याचे दुसरे कारण पुराचे. १८७२ च्या सप्टेंबरात पांझरा आणि गिरणा या नद्यांना अकस्मात महापूर आला आणि धुळ्यातली शेकडो घरे वाहून गेली. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे खानदेशचे मुख्य ठाणे करून नवी पेठ वसविली, तिच्या वाढत्या वस्तीला नदीने दिलेला हा इशारा होता. नदी पन्नास वर्षे शांत राहिली म्हणून तिने आपली जागा सोडली, असे समजणे धोक्याचे आहे.

आपल्या पाटबंधारे खात्याने १९८९ च्या परिपत्रकाने या समजुतीला शास्त्रीय रूप दिले. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथपर्यंत पोहोचतो, ती निळी पूररेषा. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जेथपर्यंत पोहोचतो, ती लाल पूररेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई. तेथे उद्यान, क्रीडांगण असा मोकळा वापर चालतो. दोन रेषांच्या मधे बंधने घालून परवानगी. धरण झाले म्हणजे पुराची भीती संपली असेही नाही. पांझरेवर अक्कलपाडा धरण झाले, तापीवर हतनूरला ४१ दरवाजांचे धरण आहे; पण धरण भरले आणि वरून पाणी आले की दरवाजे उघडावेच लागतात.

या निळ्या रेषेचा अर्थ नागरिकांनी नीट समजून घ्यावा. जेथे घर बांधणे धोक्याचे, पण बाग करणे निर्धोक, अशी जमिनीची एक लांबच लांब पट्टी प्रत्येक नदीकाठच्या शहराला निसर्गाने राखून दिली आहे. उद्यानासाठी जागा नाही, अशी तक्रार आपण ऐकतो. जागा आहे, ती नदीने दाखवून दिली आहे. आपण तिच्यावर भराव टाकतो, आणि मग एकाच वेळी दोन गोष्टी गमावतो: उद्यानही आणि पुराला पसरायची वाटही.

काठ कशाने बिघडतो?

मग आज आमचे काठ ओस का पडले? कारणे तीन आहेत.

पहिले कारण सांडपाणी. शहराचा नाला नदीत किंवा तळ्यात सोडला की पाण्यात जलपर्णी माजते, डास होतात, दुर्गंधी सुटते. काठावर बसावेसे वाटेना झाले म्हणजे लोक काठाकडे पाठ फिरवतात. लोकांनी पाठ फिरवली म्हणजे तेथे कचरा पडतो. कचरा पडला की ती जागा 'टाकाऊ' ठरते, आणि टाकाऊ जागेवर अतिक्रमण झाले तरी कोणाला दुःख होत नाही. हे चक्र उलट फिरवायचे तर सुरुवात सांडपाण्यापासूनच करावी लागेल. नाला तसाच ठेवून काठावर कारंजी बसविणे म्हणजे रोग्याला औषध न देता नवे कपडे घालणे होय.

दुसरे कारण वाळू. गिरणेच्या वाळूचा उपसा हा आमच्याकडे रोजच्या बातमीचा विषय झाला आहे. वाळू ही केवळ घरबांधणीचा माल नव्हे. पावसाचे पाणी धरून ठेवणारा आणि ते हळूहळू आसपासच्या विहिरींना देणारा तो नदीचा स्पंज आहे. वाळू गेली की उघडा खडक आणि चिखल उरतो. वाळवंट उरत नाही. शिवाय यंत्राने उपसलेले खोल खड्डे पावसाळ्यात पाण्याखाली झाकले जातात. वरून पाणी गुडघाभर दिसते आणि पुढच्या पावलाला पुरुषभर खोली लागते. पोहायला उतरलेली मुले अशा खड्ड्यांत बुडतात. पूर्वी कमरेला वाळलेला भोपळा बांधून, मोठ्यांच्या देखरेखीखाली, गावातली मुले पोहायला शिकत. आता ना तो डोह ओळखीचा राहिला, ना देखरेख. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात ज्या गिरगावच्या किनाऱ्यावर लोकांनी मीठ काढले, त्या किनाऱ्याचा एक घमेलाभर भागही कोणी विकू लागला तर मुंबईत गहजब होईल. आमचे किनारे मात्र ट्रकांत भरून जातात.

तिसरे कारण मूर्तिविसर्जन. मातीची मूर्ती पाण्यात विरघळते. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची तशी विरघळत नाही, आणि तिचे रंग पाण्यात उतरतात. वाहत्या नदीपेक्षा कोंडलेल्या तळ्याला याचा त्रास अधिक. विसर्जनासाठी काठावर वेगळे कुंड करणे आणि शाडूच्या मूर्तीचा आग्रह धरणे, यात श्रद्धेला कोठेही बाध येत नाही. पाणी पवित्र मानणाऱ्याने पाणी स्वच्छ ठेवावे, एवढेच त्याचे तात्पर्य.

करावयाचे काय?

जळगावकरांना मेहरूणचा तलाव आहे. ज्याच्या नावाची बोरे दूरवर प्रसिद्ध झाली, त्याच मेहरूणच्या काठाने आज पहाटे शेकडो माणसे फिरतात. धुळेकरांना पांझरेचा काठ आहे आणि शहराला पाणी पुरविणारा नकाणे तलाव आहे. भुसावळ-मुक्ताईनगरच्या लोकांना हतनूरचा जलाशय आहे. या तिन्ही प्रकारच्या काठांना एकच नियम लावणे मात्र चूक होईल.

शहरातला तलाव व शहरातली नदी हे रोजच्या विहाराचे काठ. तेथे उतरायला पायऱ्या, सावलीची देशी झाडे, कच्ची पायवाट, दिवे, आणि विशेष करून स्त्रियांसाठी स्वच्छ शौचगृह असावे. या शेवटच्या गोष्टीवाचून कोणतेही उद्यान अर्ध्या लोकसंख्येला बंद असते. पिण्याच्या पाण्याचा तलाव हा पाहण्याचा काठ; त्याच्या बांधावरून फिरावे, पण पाण्यात उतरू नये. हतनूरसारखा जलाशय हा पक्ष्यांचा काठ. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तेथे उतरतात, आणि त्या दिवसांत माणसाने तेथे पाहुण्यासारखे, दबक्या पावलांनी जावे हे बरे. जे काठ मोकळे राखायचे, ते सारेच माणसांच्या गर्दीसाठी राखायचे असे नाही.

चांगल्या किनाऱ्याची कसोटी काय, याचा जगात विचार झालेला आहे. 'ब्ल्यू फ्लॅग' म्हणजे निळा ध्वज नावाची एक मान्यता १९८० च्या दशकात युरोपात सुरू झाली. २०२० साली भारतातल्या आठ किनाऱ्यांना ती प्रथमच एकदम मिळाली. तिच्या कसोट्या चार प्रकारच्या आहेत: पाण्याची शुद्धता वेळोवेळी तपासून तिचा निकाल लोकांना दिसेल असा लावणे, जीवरक्षक व सुरक्षिततेची सोय, स्वच्छता व काठाची व्यवस्था, आणि लोकांना पर्यावरणाची माहिती देणे. यांतली कोणतीही गोष्ट समुद्रावाचून अडत नाही. बर्लिनसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहराने १९०७ साली वानझे सरोवराच्या काठी कामकरी लोकांसाठी स्नानाची जागा खुली केली, ती आजही चालू आहे. पॅरिसने सीन नदीत पोहण्यास १९२३ साली बंदी घातली होती. सांडपाणी आवरण्यासाठी मोठा खर्च करून २०२५ च्या उन्हाळ्यात तिने ती नदी पोहणाऱ्यांना पुन्हा खुली केली. शंभर वर्षांनी का होईना, बिघडलेला काठ सुधारता येतो, याचा हा पुरावा आहे. आणि दूर कशाला, कोल्हापूरकर सायंकाळी रंकाळ्यावर जातात ते काही समुद्र दिसतो म्हणून नव्हे!

एक आक्षेप गंभीर आहे, त्याचा विचार केला पाहिजे. तो खर्चाचा. नगरपालिकेच्या तिजोरीत पैसा नसतो, म्हणून काठ ठेकेदाराला द्यावा, त्याने कुंपण घालून तिकीट लावावे, नौकाविहार आणि उपाहारगृह चालवून खर्च काढावा, अशी सूचना वारंवार येते. देखभाल ठेक्याने द्यायला हरकत नाही. नौकेला भाडे असावे, यातही गैर काही नाही. परंतु काठावर पाऊल ठेवण्यास पैसे पडू लागले, की तो काठ सार्वजनिक राहिला नाही. दहा रुपये ही रक्कम ज्याला क्षुल्लक वाटते त्याच्याजवळ विहाराची दुसरी साधने असतातच. पाच माणसांच्या कुटुंबाला रोज पन्नास रुपये देऊन वारा खायला जाता येत नाही. ज्याच्यासाठी हा काठ मुख्यतः हवा, नेमका तोच दाराबाहेर राहील. विश्वस्ताने ठेव विकू नये, तशी ती भाड्यानेही देऊन टाकू नये.

पैसा हवा हे खरे, पण आरंभीचा सर्वांत मोठा खर्च म्हणजे जमीन. आणि ती येथे विकत घ्यावी लागत नाही, कारण ती आधीच जनतेची आहे. ती हातची जाऊ न देणे, एवढेच पहिले काम. जळगाव व धुळे या दोन्ही शहरांत २००३ साली महानगरपालिका आल्या. शहराची विकास योजना १९६६ च्या नगररचना कायद्यान्वये तयार होते तेव्हा तिचा प्रारूप नकाशा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. बहुतेक सुशिक्षित माणसे आपल्या स्वतःच्या प्लॉटावर आरक्षण पडले आहे काय, तेवढे पाहून नकाशा मिटतात. त्यांनी आणखी तीन गोष्टी पाहाव्यात: नदीच्या दोन्ही पूररेषा त्या नकाशावर आखल्या आहेत काय, तलावाची हद्द मोजून कायम केली आहे काय, आणि वस्तीतून काठापर्यंत जाणारी सार्वजनिक वाट दाखविली आहे काय. या तीन रेघा नकाशावर असल्या तर बाग आज ना उद्या होईल. त्या नसल्या, तर कितीही सुंदर बाग केली तरी ती एक दिवस कोणाच्या तरी कुंपणात जाईल. शिकागोचा काठ एका ओळीने वाचला, हे आपण वर पाहिलेच.

सारांश, समुद्र आम्हांला मिळाला नाही याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. आखाजीचा झोका, बोरीच्या वाळूतली यात्रा, मेहरूणच्या काठावरची पहाट, ही आमच्या मुलखाची स्वतःची संपत्ती आहे. ती मिळविण्यासाठी आम्हांला काही करावे लागले नाही, म्हणूनच ती राखण्याची सवय आम्हांला लागली नाही. आता ती लावून घेतली पाहिजे. येत्या पावसाळ्यात नद्या भरून येतील, तेव्हा पाणी कोठपर्यंत येते ते आपल्या मुलांना बरोबर नेऊन, सुरक्षित अंतरावरून दाखवावे, आणि सांगावे की येथपर्यंत नदीची जागा आहे. आणि जी नदीची जागा, ती सर्वांची जागा.